एलईडी वॉलसाठी गाण्यांची व्हिज्युअल्स: माप घेण्यापासून शेवटच्या क्यूपर्यंत

गणपतीच्या आधी आणि पुन्हा डिसेंबरात कार्यक्रमांचा मोसम सुरू झाला, की त्याच तीन तक्रारी कानावर येतात. वॉलवर चित्र ताणलं गेलं. मागच्या रांगेतून अक्षरं वाचता येईनात. गाणं चालूच होतं आणि व्हिज्युअल संपलं. या तिन्ही वेळा ॲनिमेशन बहुतेकदा चांगलंच असतं, कधी कधी फार सुंदर असतं. चुकलेला असतो तो क्रम. करणारा पहिल्या दिवशी आफ्टर इफेक्ट्स हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर उघडून १९२० बाय १०८०ची कॉम्पोझिशन करतो, वॉल कुठली हे आठवड्याने विचारतो आणि बँड ते गाणं कसं वाजवणार हे थेट स्टेजवरच ऐकतो. मेहनत वाया जाते ती इथे.

आधी वॉल, मग गाणं, मग चित्र, या क्रमाने काम कसं करायचं ते खाली आहे. सॉफ्टवेअर तुम्हाला येतं असं धरलं आहे. समजायला सोपं जावं म्हणून सगळीकडे एकच उदाहरण घेतलंय: मुंबईतल्या एका मैदानावर मराठी गाण्यांचा कार्यक्रम, १८ गाणी, मागे ८ मीटर रुंद आणि ४ मीटर उंच मधली वॉल, आणि तिच्या दोन्ही बाजूंना २ बाय ४ मीटरची एकेक पट्टी.

## टप्पा १: वॉलचं माप पिक्सेलमध्ये काढा

आपल्याकडे वॉल फुटांत सांगतात. व्हेंडर म्हणेल, "सव्वीस बाय तेरा, पी फोर." एवढ्यावर काम सुरू करू नका. फूट ही भाड्याची भाषा आहे, चित्र बसतं पिक्सेलांत.

व्हेंडरला दोनच गोष्टी विचारा: कॅबिनेट (वॉल ज्या चौकटी जोडून उभी राहते त्यातली एक चौकट) कितीचं, आणि एका कॅबिनेटमध्ये पिक्सेल किती. भाड्याने मिळणारी बहुतेक कॅबिनेट ५०० बाय ५०० किंवा ५०० बाय १००० मिलिमीटरची असतात. ५०० मिलिमीटरच्या बाजूवर पिक्सेल किती हे पिचवर, म्हणजे शेजारच्या दोन पिक्सेलांमधल्या मिलिमीटर अंतरावर ठरतं: ३.९१ पिचला १२८, २.९७ला १६८, २.६ला १९२ आणि ४.८१ला १०४. 'पी' म्हणजे हाच पिच, आणि बोलताना आकडे गोल केले जातात. 'पी थ्री' म्हटलं की बहुधा २.९७ असतो, पण ३.९१लाही कोणी पी थ्री म्हणून जातं, म्हणून पूर्ण आकडा लिहून घ्या.

आपल्या उदाहरणात पिच ३.९१ आहे. मधली वॉल १६ कॅबिनेट रुंद आणि ८ उंच, म्हणजे २०४८ बाय १०२४ पिक्सेल. बाजूची पट्टी ४ बाय ८ कॅबिनेट, म्हणजे ५१२ बाय १०२४. सगळं शेजारी शेजारी ठेवलं तर ३०७२ बाय १०२४. हीच वॉल २.९७ची असती तर एकटा मधला भागच २६८८ बाय १३४४ झाला असता. माप फुटांत तेच, पण फाइल पूर्ण वेगळी.

यानंतर प्रोसेसरकडे, म्हणजे लॅपटॉपचं चित्र वॉलच्या कॅबिनेटना वाटून देणाऱ्या यंत्राकडे वळा, कारण वॉल मोठी असली तरी सिग्नलची वाट अरुंद असू शकते. प्रोसेसरच्या एका गिगाबिट पोर्टमधून ६० हर्ट्झला साधारण साडेसहा लाख पिक्सेल जातात. आपल्या एका कॅबिनेटमध्ये १६,३८४ पिक्सेल आहेत, म्हणजे एका पोर्टवर जास्तीत जास्त ३९ कॅबिनेट. मधल्या वॉलच्या १२८ कॅबिनेटना चार पोर्ट आणि बाजूंना एकेक, असे सहा पोर्ट लागतील, प्रत्येकावर ३२ कॅबिनेट. आता इनपुट बघा. २०४८ ही रुंदी फुल एचडीच्या १९२०मध्ये बसत नाही. ३०७२ बाय १०२४ एका तारेतून न्यायचं असेल तर प्रोसेसरला फोर-के इनपुट असलेला बरा, तोही ६० हर्ट्झचा. जुना एचडीएमआय १.४ फोर-के फक्त ३० हर्ट्झला देतो.

सावधान: "तुम्ही १९२०मध्ये द्या, प्रोसेसर स्केल करेल," असं उत्तर मिळालं तर स्केलिंग नेमकं कुठे होणार ते विचारा. १९२०चं २०४८ केलं की बारीक रेषा आणि शिरोरेघा पुसट होतात. नाइलाजाने स्केल करावंच लागलं, तरी प्रमाण तेच ठेवा: १९२० बाय ९६०. १९२० बाय १०८० दिलंत, की गोल टिकली अंडाकृती झालीच.

तपासा: हातात एक कागद असावा. त्यावर प्रत्येक भागाचे पिक्सेल, इनपुटचा प्रकार, हर्ट्झ आणि मधल्या वॉल व पट्ट्यांमधलं प्रत्यक्ष अंतर, आणि त्याखाली व्हेंडरचा होकार, व्हॉट्सॲपवर का होईना, पण लेखी. एका कार्यक्रमाला मला फोनवर ३.९१ सांगितलं होतं आणि संध्याकाळी उभी राहिली ४.८१ची वॉल. १८ गाण्यांची अक्षरं बारीक पडली आणि नव्याने रेंडर करायला वेळ नव्हता. तेव्हापासून मी लेखी होकार आल्याशिवाय कॉम्पोझिशन उघडत नाही.

## टप्पा २: गाणं स्टेजवर कसं वाजणार ते ऐका

मूळ ध्वनिमुद्रण ऐकून व्हिज्युअल बांधू नका. स्टेजवर प्रस्तावना लांबते, वादकांना मधे जागा मिळते, गायक आलापात रमतात. मराठी कार्यक्रमात तर प्रेक्षकांतून 'वन्स मोअर' येतो आणि अंतरा पुन्हा घेतला जातो. चार मिनिटं दहा सेकंदांचा अखंड व्हिडिओ तिथेच उघडा पडतो.

तालमीला जा. जाता आलं नाही तर फोनवरचं रेकॉर्डिंग मागवा. मग संगीत संयोजकाला प्रत्येक गाण्याबद्दल एकच प्रश्न विचारा: हे क्लिकवर, म्हणजे वादकांच्या कानात वाजणाऱ्या ठरावीक ठोक्यावर, आहे का? उत्तरांप्रमाणे गाण्यांचे तीन ढीग पडतात.

पहिला ढीग क्लिकवरच्या गाण्यांचा. ड्रमरच्या कानात क्लिक आहे, काही वाद्यं ट्रॅकवरून येतात, लांबी पक्की आहे. इथे अखंड व्हिडिओ चालतो, आणि ट्रॅक चालवणाऱ्याकडून टाइमकोड, म्हणजे गाणं नेमकं कुठे पोचलंय ते सांगणारा सिग्नल, घेता येतो. एलटीसी टाइमकोड म्हणजे ध्वनीचाच सिग्नल, साध्या ऑडिओ केबलने तुमच्या लॅपटॉपपर्यंत येतो. क्लिप चालवायला रेझोल्यूम हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यासाठी अरीना आवृत्ती लागते, ॲव्हेन्यूत ही सोय नाही.

दुसरा ढीग क्लिक नसलेल्या, पण रचना ठरलेल्या गाण्यांचा. आपल्या कार्यक्रमांत हाच सर्वांत मोठा. इथे गाण्याचे तुकडे करा: सुरुवात, मुखडा, संगीताचा तुकडा, अंतरा, शेवट. प्रत्येक तुकड्याला स्वतःचा लूप. गायक अंतऱ्यावर परतला की तुम्हीही अंतऱ्याचा लूप पुन्हा लावता, आणि वन्स मोअर तुमच्यासाठी संकट राहत नाही.

तिसरा ढीग लय बदलणाऱ्या गाण्यांचा. अभंग सावकाश सुरू होतो, भजनी ठेका चढत जातो, शेवटी दुगुनीत टाळ घुमतात. त्याला एका बीपीएमवर (मिनिटाला ठोके) बांधता येत नाही, बांधायचा हट्टही करू नका. त्याला ठोका नसलेलं चित्र द्या: हळू सरकणारा धूर, समईची ज्योत, पाण्यावरचा उजेड. आणि भर वाढवायची असेल तेव्हा वरचा दुसरा थर हाताने आत आणा.

तपासा: गाण्यांची यादी छापून प्रत्येक गाण्यापुढे ढीग, लय, ताल आणि पहिली ओळ कोण गातं ते लिहा. निवेदन किती लांब आहे तेही लिहा, कारण त्या वेळेत वॉलवर काय असेल हे सगळेच विसरतात आणि मागच्या गाण्याचा लूप तीन मिनिटं नाचत राहतो.

## टप्पा ३: टेस्ट पॅटर्न आधी करा

पहिली रेंडर टेस्ट पॅटर्नची करा. ३०७२ बाय १०२४चा कॅनव्हास घ्या. प्रत्येक कॅबिनेटचा १२८ बाय १२८चा चौकोन काढून त्यात क्रमांक टाका. प्रत्येक भागाच्या अगदी कडेला एक पिक्सेलची पांढरी चौकट, मध्ये मोठं वर्तुळ, राखाडीच्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत १६ पायऱ्या, आणि 'डावी', 'मधली', 'उजवी' हे शब्द मोठ्या अक्षरांत.

हे एकच चित्र मैदानावर पंधरा मिनिटांत सगळं सांगतं. कडेची रेघ दिसली नाही तर चित्र कापलं जातंय. वर्तुळ अंडाकृती दिसलं तर कुठेतरी स्केलिंग आहे. क्रमांक उलटसुलट आले तर केबल अदलाबदल झाली आहे. काळ्याशेजारच्या पहिल्या दोन-तीन पायऱ्या एकमेकींत मिसळल्या किंवा काळा राखाडी दिसला तर एचडीएमआयची रेंज (काळ्या-पांढऱ्याची हद्द), फुल की लिमिटेड, दोन्ही टोकांना जुळलेली नाही.

मधली वॉल आणि पट्ट्या यांत मोकळी जागा असेल तर तीही पिक्सेलमध्ये धरा. एक मीटर म्हणजे इथे २५६ पिक्सेल. डावीकडून उजवीकडे उडणारा पक्षी ती जागा न धरता केला तर पट्टीवरून वॉलवर टुणकन उडी मारतो.

## टप्पा ४: देवनागरी अक्षरं

या टप्प्याला पूर्ण दिवस द्या. चित्रातली चूक शंभरातल्या पाच जणांना कळते, 'विठ्ठल' मोडलेला दिसला तर अख्ख्या मैदानाला कळतं. आपल्या भाषेची अक्षरं आपल्याच कार्यक्रमात तुटकी दिसावीत हे मला आजही सहन होत नाही.

१. मजकूर युनिकोडमध्ये आहे ना ते बघा. मंडळाकडून किंवा छापखान्यातून आलेला मजकूर अनेकदा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटात असतो. तो चिकटवला की निरर्थक चिन्हं दिसतात. आधी युनिकोडमध्ये बदला, मग मूळ छापील प्रतीशी ताडून वाचा, कारण बदलताना रफार आणि जोडाक्षरं हरवतात.

२. आफ्टर इफेक्ट्सची जुनी आवृत्ती असेल तर प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभागात टेक्स्ट इंजिन साउथ एशियन आहे का ते बघा. लॅटिन इंजिनात पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. इंजिन बदलल्यावर टेक्स्ट लेयर नव्याने करा.

३. फाँट ठरवण्याआधी ही ओळ टाइप करून बघा: विठ्ठल, ज्ञानेश्वर, स्त्री, कऱ्हाड, दुसऱ्या, शृंगार, ऑर्केस्ट्रा, कॅसेट. यातलं एकही अक्षर फुटलं तर तो फाँट सोडा. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर तेही इथेच बघा. काही फाँटांत ते वेगळे साठवलेले असतात आणि मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय दिसत नाहीत. मुंबईच्याच 'एक टाइप' या संस्थेने केलेले मुक्त आणि बलू हे फाँट विनामूल्य आहेत आणि वॉलवर जाड, स्वच्छ उमटतात.

४. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजी शीर्षकं तशी शोभून दिसतात, देवनागरीत मात्र शिरोरेघ तुटते.

५. एकेक अक्षर उडत येणारं ॲनिमेशन टाळा. काना, मात्रा, वेलांटी आपापल्या वाटेने येतात आणि क्षणभर भलताच शब्द दिसतो. शब्द हा सर्वांत लहान तुकडा माना. अक्षरागणिक हालचाल हवीच असेल तर शब्दाचे शेप करून प्रत्येक पूर्ण अक्षर, त्याच्या मात्रा-वेलांटीसकट, हाताने एकत्र बांधा.

आता आकार. मी धरतो तो ढोबळ हिशोब असा: दर १० फूट अंतराला किमान एक इंच उंचीचं अक्षर. शंभर फुटांवर, म्हणजे साधारण ३० मीटरवर बसलेल्याला २५ सेंटिमीटर लागतात. ३.९१ पिचवर ते ६४ पिक्सेल होतात. ही उंची शिरोरेघेपासून अक्षराच्या तळापर्यंतची, वरच्या मात्रा आणि खालचे उकार सोडून. मैदान ६० मीटर खोल असेल तर १२८. आणि शिरोरेघ पाच-सहा पिक्सेलपेक्षा बारीक नको.

सावधान: टीव्हीच्या सवयीने नावं वॉलच्या तळाशी ठेवू नका. तिथे वादक, कोरस, फुलांच्या कुंड्या आणि निवेदकाचं डोकं असतं. आपल्या वॉलवर खालचे ३०० पिक्सेल प्रेक्षकांना दिसणार नाहीत असंच समजा.

तपासा: सर्व मजकूर एका कागदावर छापून आयोजकाकडून सही घ्या. प्रायोजकांची नावं, कलाकारांचे सन्मान, 'पं.' की 'पंडित', सगळं त्यात आलं पाहिजे.

## टप्पा ५: रंग, उजेड आणि म्युझिक व्हिडिओतून आलेला माल

मॉनिटर हा छापील कागदासारखा समजा. वॉल मात्र दिव्यांची भिंत आहे. मॉनिटरवर मोहक वाटणारी पांढरी पार्श्वभूमी वॉलवर गायकाच्या पाठीमागून येणारा हेडलाइट होते: चेहरा काळा पडतो, कॅमेऱ्यात फक्त आकृती उरते. काळा रंग तिथे खराच काळा असतो, कारण ते दिवे बंद असतात. म्हणून काळ्यावर बांधा. फ्रेमचा जास्तीत जास्त एक तृतीयांश भाग उजळ ठेवा आणि गायक उभा राहतो तिथे मागे मध्यम गडद रंग असू द्या.

मैदानी वॉल पाच हजार निट्सच्या (उजेडाचं एकक) आसपास जाऊ शकते, पण रात्री ऑपरेटर ती २०-३० टक्क्यांवर चालवतो. एवढी खाली आणली की गडद छटांचे फरक आधी मरतात. हळुवार ग्रेडियंटमध्ये पट्टे दिसू लागतात. कॉम्पोझिशन १६ बिटमध्ये ठेवा आणि ग्रेडियंटवर थोडा ग्रेन टाका, पट्टे बरेच मोडतात. दहीहंडीसारख्या दिवसाढवळ्याच्या कार्यक्रमाला उलटं करा: सपाट, भडक रंग, मोठे आकार, बारीकसारीक काहीही नको. उन्हात धूर आणि धुकं दिसतच नाही.

बारीक जाळी, जवळजवळच्या रेषा, पैठणीच्या काठाचं अगदी लहान नक्षीकाम हे सगळं कॅमेऱ्यात थरथरतं. नक्षी हवी असेल तर एकच कोयरी दोन मीटर उंच काढा.

सावधान: एका सेकंदात तीनपेक्षा जास्त पूर्ण पडदाभर झगमगाट नको. अपस्माराचा त्रास असलेल्यांना त्याने झटका येऊ शकतो, आणि मैदानात लहान मुलंही असतात.

गाण्याचा म्युझिक व्हिडिओ आधीच झालेला असेल तर आयोजक हमखास म्हणतात, "तोच लावा ना मागे." तसाच लावू नका. व्हिडिओत गायक ओठ हलवतोय आणि पुढे तोच गायक प्रत्यक्ष गातोय, दोघांचे ओठ कधीच जुळत नाहीत आणि प्रेक्षकांची नजर मागच्यावर अडकते. व्हिडिओच्या टीमकडून तीन गोष्टी मागा: शीर्षकं नसलेलं स्वच्छ फुटेज, व्हीएफएक्सचे वेगळे थर पारदर्शक पार्श्वभूमीसह, आणि ओठ न हलवणारी दृश्यं. १६ बाय ९चं चित्र २ बाय १मध्ये कापताना वरखाली मिळून नववा हिस्सा जातो, तेव्हा डोकी कापली जात नाहीत ना ते प्रत्येक शॉटला बघा. तुम्ही म्युझिक व्हिडिओच करत असाल आणि तो पुढे स्टेजवर येणार हे माहीत असेल, तर कण, धूर, अक्षरं आणि पार्श्वभूमी पहिल्या दिवसापासून वेगळ्या थरांत रेंडर करून ठेवा. नंतर मागितल्यावर ते कोणालाच सापडत नाही.

## टप्पा ६: लूप तालात बांधा

आधी फ्रेम रेट ठरवा. कार्यक्रमाचं चित्रीकरण ५० हर्ट्झच्या कॅमेऱ्यांवर असेल तर २५ किंवा ५० घ्या आणि लॅपटॉपचं आउटपुटही ५० हर्ट्झवर ठेवा. २५चं चित्र ६०वर सोडलं तर हळू सरकणारी दृश्यं अडखळतात.

मग हिशोब. फ्रेम रेट गुणिले ६०, भागिले बीपीएम. २५ फ्रेम आणि १०० बीपीएम असेल तर एका ठोक्याला १५ फ्रेम. १२०ला साडेबारा येतात, म्हणून तिथे दोन ठोक्यांचं एकक धरा, २५ फ्रेम.

लूपची लांबी तालाच्या आवर्तनावर ठेवा. केरव्याच्या ८ मात्रा १०० बीपीएमला १२० फ्रेममध्ये बसतात, दादऱ्याच्या ६ मात्रा ९० फ्रेममध्ये. तयार मिळणारे बहुतेक लूप चारच्या पटीत असतात. दादऱ्यातल्या गाण्यामागे ते लावले की सम एकीकडे आणि चित्राचा झटका दुसरीकडे. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण खटकतं. ढोलकीवाल्याला तर लगेच कळतं.

लूपची शिवण दिसू नये म्हणून ४८० फ्रेमचा लूप असेल तर ४८०व्या फ्रेमवरची किंमत शून्याव्या फ्रेमएवढी करा आणि ० ते ४७९ एवढंच रेंडर करा. शेवटची फ्रेमही घेतलीत तर तीच फ्रेम दोनदा दिसून धक्का बसतो. कण आणि धूर अशा हिशोबात बसत नाहीत. तिथे क्लिप मध्यावर कापून दोन्ही भागांची अदलाबदल करा आणि मधल्या सांध्यावर क्रॉसफेड द्या.

## टप्पा ७: रेंडर

एच.२६४ हा नेहमीचा व्हिडिओ फॉरमॅट पाठवायला ठीक, वॉलवर चालवायला नाही. तीन थर एकावर एक चढवले आणि क्लिप वारंवार बदलल्या की लॅपटॉप दमतो. हॅप किंवा रेझोल्यूमचं डीएक्सव्ही यांपैकी एक फॉरमॅट वापरा, त्यांचा भार ग्राफिक्स कार्ड उचलतं. ग्रेडियंट जास्त असतील तर हॅप क्यू, पारदर्शक थराला हॅप अल्फा. हॅपसाठी रुंदी आणि उंची चारने भाग जाणारी हवी.

फाइली मोठ्या होतात. ३०७२ बाय १०२४, २५ फ्रेम, साधा हॅप म्हणजे वरच्या मर्यादेला सेकंदाला सुमारे ४० एमबी, हॅप क्यू त्याच्या दुप्पट. चार मिनिटांचं गाणं हॅप क्यूमध्ये १९ जीबीपर्यंत जाऊ शकतं. क्रॉसफेड करताना दोन क्लिप एकदम वाचल्या जातात, म्हणून बाहेरच्या साध्या हार्ड डिस्कवरून शो चालवू नका. सगळं लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर.

फाइलचं नाव रोमन अक्षरांत आणि आकड्याने सुरू होणारं ठेवा: गाण्याचा क्रमांक, गाणं, तुकडा, बीपीएम, आवृत्ती. 'फायनल', 'फायनल नवीन' अशी नावं देऊ नका.

## टप्पा ८: शो फाइल

प्रत्येक गाण्याला स्वतंत्र जागा द्या, म्हणजे कुठल्याही गाण्यावरून कुठल्याही गाण्यावर एका क्लिकमध्ये जाता येईल. हे चैनीसाठी नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार मोकळ्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात आणि वर्षातल्या ठरावीक दिवशीच १२पर्यंत सवलत मिळते. भाषणं लांबली की पावणेदहाला आयोजक स्टेजच्या कडेला येऊन बोटं दाखवतो आणि चार गाणी गळून थेट शेवटचं सुरू होतं. ज्याची शो फाइल एका लांब टाइमलाइनवर आहे तो तिथे शोधत बसतो.

चार गोष्टी कायम हाताशी हव्यात: पूर्ण काळा, कार्यक्रमाचं बोधचिन्ह, निवेदनाचा शांत लूप, आणि कुठल्याही गाण्याला चालेल असा एक तटस्थ लूप. ऐन वेळी फर्माईश आली की हा शेवटचा वाचवतो.

दुसरा लॅपटॉप त्याच शो फाइलसह चालू ठेवा आणि दोन्ही स्विचरवर घ्या. दोन्हींवर नोटिफिकेशन, अपडेट, स्क्रीनसेव्हर आणि झोपण्याची सेटिंग बंद.

तपासा: घरी पूर्ण कार्यक्रम तालमीच्या रेकॉर्डिंगवर एकदा सलग चालवा. नंतर मित्राला मधूनच "अंतरा पुन्हा" आणि "पुढची दोन गाणी नाहीत" असं ओरडायला सांगून परत चालवा.

## टप्पा ९: जागेवर

एचडीएमआयची साधी केबल दहा-पंधरा मीटरच्या पुढे बेभरवशाची होते. कन्सोल, म्हणजे तुमचं बसायचं टेबल, मैदानाच्या मध्यावर असेल तर एसडीआय किंवा फायबर एचडीएमआय लागतं, आणि ते व्हेंडर देणार की तुम्ही, हे आधीच ठरलेलं हवं. कन्व्हर्टर, जोडण्या, जादा केबल लॅमिंग्टन रोडला मिळतात, पण शनिवारच्या आत घ्या. रविवारी तिथली बरीचशी दुकानं बंद असतात आणि कार्यक्रम नेमका रविवारी असतो.

वेळेचा हिशोब जागेप्रमाणे बदलतो. मोठ्या गाड्यांना दिवसा अनेक रस्त्यांवर बंदी असल्याने मैदानावर सामान रात्री उतरतं, वॉल दुपारी उभी राहते आणि उन्हात तुम्हाला रंग कळत नाहीत. रंग सूर्यास्तानंतरच बघा, तेवढी वीस मिनिटं साउंड चेकमध्ये मागून घ्या. रवींद्र नाट्यमंदिर किंवा दीनानाथसारख्या नाट्यगृहात सत्रं ठरलेली असतात. आधीच्या नाटकाचा सेट निघेपर्यंत तुम्ही विंगेत उभे, आणि हातात मोजके दोन-तीन तास.

क्रम असा ठेवा: टेस्ट पॅटर्न, काळ्या-पांढऱ्याची रेंज, उजेड, मजकूर असलेल्या सर्व क्लिप, मग बाकीच्या. उजेड ठरवताना प्रकाशयोजना करणाऱ्याला शेजारी बसवा आणि स्टेजवर एक माणूस उभा करून कॅमेऱ्याच्या मॉनिटरमध्ये त्याचा चेहरा बघा. मग स्वतः चालत शेवटच्या रांगेत जा आणि सगळ्यात लांब नाव वाचा. हे काम दुसऱ्याला सांगू नका.

पावसाळ्यात गोदामातून आलेल्या कॅबिनेटमध्ये दमटपणा असतो. ऑपरेटरला अर्धा-एक तास कमी उजेडावर वॉल तापवू द्या, घाईने पूर्ण पांढरं लावायला लावू नका. लॅपटॉप, स्विचर आणि प्रोसेसर यूपीएसवर हवेत, जनरेटर बदलताना दिवे क्षणभरच जातात पण प्रोसेसर पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो.

## टप्पा १०: शो आणि त्यानंतर

हेडसेटवर निवेदक आणि संगीत संयोजक यांच्यापैकी एकाचा तरी आवाज तुमच्या कानात हवा. गाणं सुरू होण्याआधी वॉल काळी किंवा शांत ठेवा आणि पहिल्या सुराला उघडा. उलट केलंत तर गायकाच्या आधी चित्रालाच टाळ्या मिळतात आणि गायकाची सुरुवात फुकट जाते. चूक झालीच तर झटक्याने क्लिप बदलू नका. दोन सेकंदांत काळ्यावर जा, ओळ ओळखा, योग्य तुकड्यावर परत या.

कार्यक्रम संपला की आधी प्रोसेसरवर काळा घ्यायला सांगा, नंतरच केबल काढा, नाहीतर तुमचा डेस्कटॉप आठ मीटरचा होऊन समोर येतो. सामान आवरण्याआधी गाण्यांच्या छापील यादीवर त्या रात्रीचा खरा क्रम, वन्स मोअर कुठे आला, कुठला लूप कमी पडला ते पेनाने लिहा आणि त्याचा फोटो प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाका. रेंडर केलेल्या फाइली नंतर उडवल्या तरी चालतील. मूळ प्रोजेक्ट, फाँट, थर आणि मापांचा तो पहिला कागद मात्र दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, कारण पुढचा प्रयोग ठाण्याला असेल आणि तिथली वॉल २.९७ची.